फिफाचं राजकारण समजून घ्यायचं तर आधी मतं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘खेळात राजकारण नको’ असं फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मग दक्षिण आफ्रिका, युगोस्लाव्हिया आणि रशियावर बंदी कशी आली, आणि लष्करी राजवटीतला 1973 चा चिली किंवा 1978 चा अर्जेंटिना कसा सुटला? हा दुटप्पीपणा नाही का? हॅवेलांज 24 वर्षं आणि ब्लाटर 17 वर्षं अध्यक्षपदावर कसे राहिले? नंतरच्या सुधारणांनी काय बदललं, आणि वाचायला कुठून सुरुवात करावी? आणि या सगळ्याचं उत्तर ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात देता येतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची वाट चुकते. भ्रष्टाचार झाला, त्याचे पुरावेही आहेत. आयएसएल या विपणन कंपनीकडून हॅवेलांज यांना किमान 15 लाख स्विस फ्रँक मिळाल्याचं 2012 मध्ये खुल्या झालेल्या स्विस कागदपत्रांत नोंदलेलं आहे. पण लाच हे फार तर एखाद्या करारामागचं किंवा ठरावीक माणसांच्या वागण्यामागचं कारण झालं. देशोदेशींच्या शंभराहून अधिक फुटबॉल संघटना निवडणुकीमागून निवडणूक एकाच माणसाला का निवडतात, हे त्यातून कळत नाही. 27 मे 2015 रोजी झुरिकच्या हॉटेलातून फिफाच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली, जगभर बातमी झाली, आणि दोनच दिवसांनी झालेल्या गुप्त मतदानात ब्लाटर यांना 133 आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, जॉर्डनचे प्रिन्स अली यांना 73 मतं पडली. म्हणजे सगळ्या जगासमोर नाचक्की होऊनही जवळपास दोन तृतीयांश मतदार त्यांच्यासोबतच होते. पहिल्या फेरीसाठी लागणारं दोन तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकलं, तरी दुसऱ्या फेरीआधी प्रिन्स अली यांनी माघार घेतली. ब्लाटर यांनी नंतर चार दिवसांत पद सोडण्याची घोषणा केली ती बाहेरच्या दबावामुळे. मतदारांनी त्यांना हटवलं नव्हतं.

म्हणून फिफाचा कुठलाही निर्णय अभ्यासताना मी आधी तीन गोष्टी शोधतो: मतं कोणाकडे होती, विश्वचषकातल्या जागा कोणाला मिळत होत्या, आणि पैसा कुठून कुठे जात होता. नेत्याच्या स्वभावाकडे त्यानंतर वळतो. ही पद्धत सगळीकडे सारखी लागू पडत नाही. मतदान गुप्त असेल तर अमुक देशाने तमुक माणसाला का मत दिलं हे खात्रीने सांगता येत नाही. काही देशांत राष्ट्रीय संघटना म्हणजे सरकारचंच एक खातं असतं, काही देशांत तिचा सरकारशी काडीचा संबंध नसतो. पण मोठं चित्र याच तीन गोष्टींतून उलगडतं.

मतांपासून सुरू करू. फिफाची स्थापना 1904 मध्ये पॅरिसला झाली तेव्हा सदस्य 7 होते, सगळे युरोपातले. आज 211 आहेत: युरोप 55, आफ्रिका 54, आशिया 46, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून 35, ओशिआनिया 11 आणि दक्षिण अमेरिका 10. प्रत्येकाला एक मत. जर्मनीच्या संघटनेची सदस्यसंख्या 70 लाखांहून जास्त, तर माँटसेराट बेटाची सगळी वस्तीच सुमारे 5 हजार. मतपेटीत दोघांचं वजन सारखं. पाच वेळा विश्वचषक जिंकलेला ब्राझील ज्या खंडात आहे, त्या खंडाकडे जेमतेम 10 मतं आहेत. मैदानावरची ताकद आणि मतपेटीतली ताकद यांचा मेळ बसत नाही, आणि फिफाचं राजकारण याच फटीतून वाढलं.

ही फट पहिल्यांदा उघड झाली ती 1966 च्या विश्वचषकाच्या वेळी. 16 जागांपैकी युरोपला 10, दक्षिण अमेरिकेला 4, उत्तर व मध्य अमेरिकेला 1, आणि आफ्रिका, आशिया व ओशिआनिया या तिघांना मिळून 1. म्हणजे आफ्रिकेतला विजेता ठरल्यावरही त्याला पुन्हा आशिया-ओशिआनियाच्या विजेत्याशी खेळावं लागणार होतं. त्यात 1963 मध्ये फिफाचे अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस यांनी दक्षिण आफ्रिकेला भेट दिली आणि वर्णभेदामुळे 1961 पासून निलंबित असलेल्या तिथल्या संघटनेचं निलंबन उठवण्यात आलं. पात्रता फेरीत दक्षिण आफ्रिकेला तर चक्क आशियाच्या गटात घातलं. घानाचे क्रीडा प्रशासक ओहेने जान यांनी पुढाकार घेतला, तिथले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा त्यांच्या पाठीशी होते, आणि आफ्रिकेतल्या 15 संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. फिफाने त्यांना प्रत्येकी 5,000 स्विस फ्रँक दंड ठोठावला. वरवर पाहता बहिष्कार फसला. पण 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात आफ्रिकेला स्वतःची हक्काची जागा मिळाली आणि त्या जागेवर मोरोक्को खेळला. दरम्यान 1964 च्या टोकियो काँग्रेसमध्ये, म्हणजे सगळ्या सदस्य संघटनांच्या सभेत, दक्षिण आफ्रिकेचं निलंबन पुन्हा लागू झालं होतं. तिथे अध्यक्षांचा कल एकीकडे आणि काँग्रेसचा कौल दुसरीकडे, हे स्पष्ट दिसलं.

राऊस हे फुटबॉलचे जाणकार होते याबद्दल शंका नको. 1934 च्या इंग्लंडमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्याचे ते पंच होते, 1938 मध्ये खेळाचे नियम त्यांनीच नव्याने लिहून काढले, आणि पंचाने मैदानावर कर्णरेषेत धावायची जी पद्धत जगभर रुजली, तीही त्यांचीच. पण मान्यताप्राप्त संघटना म्हणजे फुटबॉल, त्यापलीकडचं सगळं राजकारण, अशी त्यांची धारणा होती. वसाहतींतून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना या धारणेचा अर्थ एवढाच दिसत होता की जे आहे ते तसंच राहणार. माझ्या मते राऊस यांची चूक हेतूची नव्हती, आकलनाची होती. त्यांची मतदारयादी बदलली होती आणि ते जुन्याच यादीशी बोलत राहिले.

जोआओ हॅवेलांज यांनी हे आधी ओळखलं. ते ब्राझीलच्या क्रीडा महासंघाचे प्रमुख होते, 1936 च्या ऑलिंपिकमध्ये पोहलेले होते. 1972 मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या 150 व्या वर्षानिमित्त त्यांनी एक मोठी स्पर्धा भरवली. इंग्लंड, इटली, पश्चिम जर्मनी आले नाहीत. पण आफ्रिकेचा एक निवडक संघ आणि उत्तर-मध्य अमेरिकेचा एक निवडक संघ तिथे खेळला. या एका तपशिलात सगळी मोहीम दिसते: ज्यांना विश्वचषकात जागा नाही, त्यांना घरी बोलवा. मग जगभर फिरून त्यांनी मतदारांच्या प्रत्यक्ष भेटी घेतल्या. आश्वासनं ठोस होती. विश्वचषक 16 वरून 24 संघांचा करणार, तरुण खेळाडूंची जागतिक स्पर्धा सुरू करणार, प्रशिक्षक आणि पंचांसाठी शिबिरं घेणार, मैदानांसाठी मदत करणार, दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवणार.

11 जून 1974, फ्रँकफर्ट. पहिल्या फेरीत हॅवेलांज 62, राऊस 56. दोन तृतीयांश कोणालाच नाही. दुसऱ्या फेरीत साधं बहुमत पुरेसं होतं: 68 विरुद्ध 52. युरोपबाहेरचा माणूस पहिल्यांदाच अध्यक्ष झाला. विजय दणदणीत नव्हता हे लक्षात घ्या. 16 मतांचा फरक, म्हणजे 8 संघटना उलट्या बाजूला गेल्या असत्या तर बरोबरी. असे आकडे पाहिले की सोव्हिएत गटाची नाराजीही किती महाग पडू शकते ते कळतं.

आणि राऊस यांच्या काळातली ती नाराजी होती 1973 च्या चिली-सोव्हिएत सामन्याची. 11 सप्टेंबरला चिलीत लष्करी उठाव झाला आणि सँटियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो लोकांना डांबलं गेलं. या दोघांतला विश्वचषक पात्रतेचा मॉस्कोतला पहिला सामना 26 सप्टेंबरला 0–0 सुटला. परतीचा सामना त्याच स्टेडियममध्ये होणार होता. फिफाचं दोन जणांचं पथक ऑक्टोबरमध्ये पाहणी करून गेलं आणि परिस्थिती सामान्य असल्याचा निर्वाळा दिला. कैद्यांना तेव्हा नजरेआड ठेवलं होतं. सोव्हिएत संघाने तिथे खेळायला नकार दिला. 21 नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू मैदानात उतरले, समोर कोणीही नाही. पंचाने शिट्टी वाजवली, त्यांनी आपापसांत पास देत चेंडू पुढे नेला आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने रिकाम्या जाळ्यात ढकलला. सामना चिलीला 2–0 असा बहाल झाला आणि चिली विश्वचषकाला गेला.

आता बंदीच्या प्रश्नाकडे. फिफाच्या घटनेत सरकारने देशातल्या लोकांवर केलेला अत्याचार हा त्या काळी निलंबनाचा आधारच नव्हता. मानवाधिकारांचं कलम आलं ते 2016 च्या सुधारणांत. उलट सरकारने राष्ट्रीय संघटना ताब्यात घेणं हा मात्र फिफाच्या लेखी मोठा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा झटपट होते. इंडोनेशिया 2015 ते 2016, कुवेत 2015 ते 2017, आणि ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या समितीमुळे भारतीय महासंघ. भारताचं निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, कारण समिती बरखास्त झाली. ही तत्परता विचित्र वाटते, पण तिच्यामागे तर्क आहे. संघटना सरकारच्या हाती गेली की मतही सरकारच्या हाती जातं. अध्यक्षाची सगळी सत्ता या मतांवर उभी असल्याने स्वायत्ततेचं कलम फिफा डोळ्यांत तेल घालून जपते.

मग बाहेरच्या कारणावरून बंदी कधी येते? माझ्या वाचनात दोन परिस्थितींत. पहिली, जेव्हा फिफाला स्वतः निर्णय घ्यावाच लागत नाही. 1992 मध्ये सुरक्षा परिषदेच्या 757 क्रमांकाच्या ठरावात क्रीडा निर्बंध स्पष्ट लिहिलेले होते; युगोस्लाव्हियाला युरो स्पर्धेतून काढावं लागलं, त्या जागी डेन्मार्क आला आणि त्याने स्पर्धाच जिंकली. दुसरी, जेव्हा प्रतिस्पर्धी खेळायला नकार देतात आणि त्यांच्याशिवाय स्पर्धा पुढे सरकत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये नेमकं हेच घडलं. 27 तारखेला फिफाने रशियाला वेगळ्या नावाने, तटस्थ मैदानावर, प्रेक्षकांशिवाय खेळायची मुभा दिली. पोलंडने साफ नकार दिला. स्वीडन आणि चेक संघटनाही त्याच भूमिकेवर ठाम राहिल्या. विश्वचषक पात्रतेच्या बाद फेरीतले रशियाचे संभाव्य तिन्ही प्रतिस्पर्धी हेच होते. दुसऱ्याच दिवशी निलंबन जाहीर झालं.

याच्या शेजारी 1973 ठेवून पाहा. तिथे नकार देणारा एकटा होता आणि त्याच्याशिवाय स्पर्धा बिनदिक्कत चालू शकत होती, म्हणून किंमत नकार देणाऱ्यानेच मोजली. 1958 च्या पात्रता फेरीत इस्रायलशी खेळायला एकामागून एक प्रतिस्पर्धी तयार होईनात. न खेळता पात्र ठरवायचं नाही म्हणून फिफाने दुसऱ्या क्रमांकाच्या संघांतून चिठ्ठी काढली, वेल्सचं नाव निघालं, वेल्सने दोन्ही सामने 2–0 जिंकले आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथेही नकार देणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. आणि 1978 च्या अर्जेंटिनाच्या बाबतीत तर एकाही पात्र संघाने मैदान नाकारलं नाही. लष्करी राजवट, बेपत्ता केलेली माणसं, युरोपातली निदर्शनं, हे सगळं असूनही 16 च्या 16 संघ आले. तुम्ही विचारता तो ‘दुटप्पीपणा’ खरा आहे, मलाही तो बोचतो. पण तो अध्यक्षाच्या मर्जीपेक्षा या गणितातून जास्त येतो. दक्षिण आफ्रिकेला 1976 मध्ये संघटनेतून काढून टाकलं गेलं त्यामागेही आफ्रिकी देशांचं काँग्रेसमधलं वाढलेलं बळ होतं. 1992 मध्येच तिला परत घेतलं गेलं.

जागांचा मुद्दा लवकर आटोपतो, पण एक चुकीची समजूत दूर करायला हवी. 1982 ला 24 संघ झाले तेव्हा तिसऱ्या जगाने युरोपच्या जागा घेतल्या असं सरसकट लिहिलं जातं. 1978 मध्ये युरोपचे 10 संघ होते. 1982 मध्ये यजमान स्पेनसह 14. आफ्रिकेचा 1 होता त्याचे 2 झाले. म्हणजे हॅवेलांज यांनी कोणाच्याही ताटातलं काढलं नाही, ताटच मोठं केलं, आणि सर्वांत मोठा वाटा युरोपलाच गेला. विरोध म्हणूनच मावळला. 2026 चा 48 संघांचा विश्वचषक त्याच वळणाचा आहे: आफ्रिकेला थेट 9, आशियाला 8, आणि युरोपला 13 वरून 16.

पैशाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. 24 संघांची स्पर्धा, तरुणांची स्पर्धा, शिबिरं, हे सगळं 1974 च्या फिफाच्या तिजोरीत बसणारं नव्हतं. तो पैसा आदिदासचे होर्स्ट डॅसलर यांनी उभ्या केलेल्या प्रायोजकांच्या व्यवस्थेतून आणि कोका-कोलासारख्या कंपनीकडून आला. 1977 ची ट्युनिशियातली पहिली युवा स्पर्धा कोका-कोलाच्याच नावाने झाली. पुढे प्रक्षेपण हक्कांची कमाई वाढली. 1981 पासून सरचिटणीस असलेल्या ब्लाटर यांनी 1998 मध्ये युरोपीय महासंघाचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन यांना 111 विरुद्ध 80 असं मागे टाकलं, आणि पुढच्याच वर्षी आर्थिक साहाय्याची योजना सुरू केली: प्रत्येक संघटनेला चार वर्षांत 10 लाख डॉलर, ब्राझीललाही तेवढेच आणि छोट्या बेटालाही तेवढेच. इंग्लंडच्या संघटनेला ही रक्कम किरकोळ. पण ज्या संघटनेकडे धड कार्यालय नाही, तिच्यासाठी तेच वर्षाचं अंदाजपत्रक.

हे बेकायदा नाही आणि वाईटच आहे असंही नाही. या पैशातून खरोखर मैदानं झाली, महिला संघ उभे राहिले. अडचण अशी की पैसा वाटणारा आणि मतं मागणारा माणूस एकच असतो, आणि घेणाऱ्याला पुढच्या वर्षीचा हप्ता हवा असतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या उमेदवाराला केवळ चारित्र्याच्या जोरावर जिंकता येत नाही; त्याला जास्तीची रक्कम बोलावी लागते. 2016 मध्ये जियानी इन्फँटिनो यांनी तेच केलं. प्रत्येक संघटनेला चार वर्षांत 50 लाख डॉलर, असं आश्वासन. पहिल्या फेरीत ते बहरीनचे शेख सलमान यांच्यापेक्षा फक्त 3 मतांनी पुढे होते, 88 विरुद्ध 85. दुसऱ्या फेरीत 115 विरुद्ध 88. सध्याच्या टप्प्यात ही मदत प्रत्येकी 80 लाख डॉलरपर्यंत गेली आहे, आणि 2019 व 2023 मध्ये त्यांच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही.

इथे अभ्यासकांकडून एक चूक हमखास होते: खंडांची मतं गठ्ठ्याने मोजणं. 2002 मध्ये आफ्रिकेचे इसा हयातू उभे होते, युरोपच्या नेतृत्वाचा त्यांना पाठिंबा होता. दोन्ही खंडांची बेरीज केली तर ते सहज जिंकायला हवे होते. मिळाली 56 मतं, ब्लाटर यांना 139. गुप्त मतपत्रिका हातात आली की खंडीय ठराव बाजूला राहतो. 2026 च्या यजमानपदाचं मतदान 13 जून 2018 ला मॉस्कोत झालं, ते फिफाने देशवार जाहीर केलं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांना 134 आणि मोरोक्कोला 65. सौदी अरेबियाने मोरोक्कोऐवजी अमेरिकेच्या बाजूने मत दिलं, आफ्रिकेतल्याही काही संघटनांनी तसंच केलं. धर्म, भाषा, खंड यांवरून अंदाज बांधणाऱ्यांनी ही यादी एकदा ओळीने वाचावी.

सुधारणांनी काय बदललं, हाही प्रश्नाचा भाग आहे. 2010 मध्ये रशिया आणि कतार यांना यजमानपद दिलं ते कार्यकारिणीच्या 22 जणांनी. 12 मतं फिरली की काम झालं. ते मतदान आता 211 संघटनांच्या काँग्रेसकडे आणि खुलेपणाने होतं, ही सुधारणा खरी आहे. पण अधिकार मतपेटीतून वेळापत्रकाकडे सरकला. 4 ऑक्टोबर 2023 ला जाहीर झालं की 2030 चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन, पोर्तुगालमध्ये आणि सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेत. म्हणजे तीन खंड एका फटक्यात वापरले गेले, उत्तर अमेरिका 2026 मुळे आधीच बाद होती, आणि आळीपाळीच्या तत्त्वानुसार 2034 साठी फक्त आशिया आणि ओशिआनिया उरले. इच्छा कळवायची मुदत 31 ऑक्टोबर, म्हणजे 27 दिवस. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी नकार कळवला, सौदी अरेबिया एकटा राहिला, आणि 11 डिसेंबर 2024 ला काँग्रेसने टाळ्यांच्या गजरात संमती दिली. मतमोजणी झालीच नाही.

अध्यक्षाच्या मुदतीचंही तसंच. सुधारणांनी चार-चार वर्षांच्या तीन मुदतींची मर्यादा घातली. इन्फँटिनो यांचा 2016 ते 2019 हा काळ अपुरा म्हणून त्यात धरला जाणार नाही, असं डिसेंबर 2022 मध्ये ठरलं. त्यामुळे ते 2031 पर्यंत राहू शकतात.

एका जागी मात्र अध्यक्षाचा हात आखडतो: खेळाचे नियम. ते ठरवणाऱ्या मंडळात 8 मतं असतात, 4 ब्रिटनच्या चार संघटनांची आणि 4 फिफाची. बदलाला 6 लागतात. म्हणजे फिफाची चारही मतं एकत्र आली तरी ब्रिटिशांपैकी दोघांना पटवावंच लागतं. 211 मतांच्या राजकारणाचा तिथे उपयोग होत नाही.

वाचायला कुठून सुरुवात करावी असं विचारलं आहे, तर आधी 1974 आणि 2016 या दोन निवडणुका शेजारी ठेवा. दोन्हींत पहिल्या फेरीतला फरक एक आकडी आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात कोणाची मतं कुठे सरकली ते आकड्यांवरून काढायचा प्रयत्न करा. 2016 ला पहिल्या फेरीत प्रिन्स अली यांना 27 मतं होती, दुसऱ्या फेरीत 4 उरली, आणि इन्फँटिनो यांची 27 वाढली. मग 2018 ची देशवार यादी घ्या आणि प्रत्येक खंडात फुटलेल्या मतांवर खूण करा. त्यानंतर चरित्रं वाचायला घेतलीत तर त्यातल्या कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.